कोर्स संपला आणि लिहिणंच अडलं

सेमिस्टर संपत आलं की लेखनाचा कोर्स केलेली काही मुलं माझ्याकडे येतात आणि तक्रार जवळपास एकच असते, आधी मला लिहिता यायचं, आता येत नाही. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सेकंड इयरची मुलगी. शेवटची असाइनमेंट होती, 'या कोर्समध्ये मी काय शिकले' यावर दोन पानं आणि सोबत आतापर्यंतच्या सगळ्या लेखांची फाइल. मुदत वाढवून घेतली तरी पान कोरंच. म्हणाली, "मॅडम, शाळेत मी एका बैठकीत चार पानं लिहायचे, निबंधात कायम पहिली. आता एका पॅराला अख्खी संध्याकाळ जाते आणि शेवटी तोही खोडते. मग मी काय शिकले म्हणून लिहू? खोटं लिहू का?"

खोटं लिहू नकोस म्हटलं, उद्या फाइल घेऊन ये.

पहिला लेख मोबाईलवर होता. सुरुवात अशी, "आजच्या धावपळीच्या युगात मोबाईल ही काळाची गरज बनली आहे." बाजूला सरांनी पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं, 'कोणाची गरज?' शेवटचा लेखही मोबाईलवरच, पण तो सुरू होतो तिच्या वडिलांपासून, जे व्हिडिओ कॉलवरसुद्धा फोन कानाला लावतात आणि तिला अर्धा वेळ नुसता त्यांचा कान दिसतो. दोन्ही मोठ्याने वाच म्हटलं. पहिला वाचताना दुसऱ्याच वाक्याला थांबली आणि म्हणाली, "हे मी लिहिलंय असं वाटतच नाही, कोणीही लिहिलं असतं."

मी विचारलं, कोर्सच्या आधी तुला हे कळलं असतं का? नाही म्हणाली. मग तू हेच शिकलीस ना.

माझं मत सांगते, अशा कोर्समध्ये नजर आधी तयार होते आणि हात मागून येतो. गाणं शिकणाऱ्याला आपला सूर हलतोय हे आधी ऐकू यायला लागतं, तो नीट लागायला वेळ जातो, तसंच. मधल्या काळात आपण मागे गेलोय असं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच बरीच मुलं लिहिणं सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिला मी नॅन्सी सॉमर्स या अमेरिकन प्राध्यापिकेचा १९८० मधला अभ्यास सांगितला. २० विद्यार्थी आणि २० मुरलेले लेखक, प्रत्येकाने ३ निबंध लिहिले आणि प्रत्येक निबंध २ वेळा पुन्हा लिहिला. विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलत होते, मुरलेले लोक मात्र आपल्याला म्हणायचंय काय हेच पुन्हा लिहिताना शोधत होते आणि वाचणाऱ्याचा विचार करत होते. म्हणजे पॅरा खोडणं हे काही लिहिता येत नसल्याचं लक्षण नाही.

तिचा घोळ वेगळाच होता, ती लिहिता लिहिताच तपासत होती. वाक्य पूर्ण व्हायच्या आतच बॅकस्पेस. म्हणून ठरवलं, आधी २० मिनिटं कागदावर, काहीही न खोडता, वाक्य मोडकं आलं तरी पुढे जायचं. मग कागद बाजूला ठेवायचा आणि तपासणी दुसऱ्या दिवशी. पहिल्यांदा फार चिडली, हे किती वाईट आहे म्हणून, पण कागद भरला होता.

रिफ्लेक्शनसाठी, म्हणजे 'मी काय शिकले' या दोन पानांसाठी, एकच सुचवलं, 'माझा शब्दसंग्रह वाढला' टाइप वाक्यं नकोत, स्वतःचं एक वाक्य घे, ते कसं कसं बदललं ते दाखव आणि का बदललंस ते सांग. तिने ते मोबाईलचंच वाक्य घेतलं, सरांचा प्रश्न लिहिला, वडिलांचा कान आला, आणि आपला स्पीड कमी झालाय, त्याची भीती वाटते, हेही सरळ लिहिलं. दोन पानांची साडेतीन झाली.

असाइनमेंट गेली, पण परीक्षेत वेळेत लिहिण्याचं टेन्शन अजून आहे, त्यावर काम चालू आहे. सध्या ती आधी चार ओळींत मुद्दे मांडून मगच उत्तर सुरू करते आणि खाडाखोड शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवते. आणि हो, कोणाची झोपच उडाली असेल, कॉलेज टाळावंसं वाटत असेल किंवा मी कशाच्याच लायकीची नाही असं सतत मनात येत असेल, तर तो फक्त लिहिण्याचा प्रश्न नसतो, तेव्हा असाइनमेंट राहू दे, आधी येऊन बोला.