गाव रिठी झालं ते प्लेगनंच का?

प्रश्न : आमच्या गावाला लागून कागदोपत्री ‘रिठी’, म्हणजे ओसाड, लिहिलेला एक मौजा आहे. आता तिथं नुसती कपाशीची पऱ्हाटी उभी असते. म्हातारी माणसं सांगतात, प्लेगात गाव उठलं. खरं कसं शोधावं?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : आधी साल जुळवून पाहा. मुंबईत प्लेग आला १८९६ साली, इकडे त्यानंतरच. वर्ध्याकडचा इंग्रजी अमलातला पहिला नियमित जमीन-बंदोबस्त, म्हणजे सारा ठरवण्यासाठी झालेली मोजणी, १८६० च्या दशकातला आहे. त्याच्या मिसलीतच, म्हणजे गावाच्या दप्तरातच, मौजा ओसाड लिहिलेला असेल, तर या प्लेगचा संबंध उरत नाही. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करताना मौज्याचं नाव आणि त्या वेळची तहसील लिहा. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला, त्यामुळे आधीचा कागद नागपूरच्या नावानं शोधावा लागतो. इथंच बहुतेकांचा अर्ज अडतो.

तेव्हा वस्ती असेल, तर १८९१ आणि १९०१ च्या जनगणनेतले आकडे ताडा. मात्र याच दहा वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. नुसत्या घटीवरून प्लेग सिद्ध होत नाही.

इंग्लंडातही ओसाड खेडं दिसलं की १३४८-४९ च्या प्लेगच्या महामारीकडे बोट दाखवलं जाई. यॉर्कशरच्या व्हॅरम पर्सी गावी १९५० ते १९९० उत्खनन चाललं. महामारीनंतरही तिथं सुमारे दीडशे वर्षं माणसं नांदत होती. १५०० च्या आसपास जमीनदारानं उरलेली कुळं उठवली आणि रान मेंढ्यांना मोकळं केलं. त्या जुन्या गावातल्या चर्चच्या पडक्या भिंती तेवढ्या आज उभ्या आहेत. म्हणून तुमच्या मौज्याचा मालगुजार, म्हणजे सारा भरणारा गावमालक, कोण होता, शेजारचं गावही त्याचंच होतं का, हेही मिसलीत पाहा.

मग रानात जा. काळ्या वावरात राखट पांढरा पट्टा, जुनी चिंच, बुजलेली विहीर, उघड्यावरचा मारुती किंवा मातामाय देवी, जात्याचे तुकडे दिसले, तर वस्ती तिथंच होती. खापरं उचलू नका. मापासाठी बाजूला नाणं ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहा. खड्डा तर मुळीच खणू नका : थर मिसळले की कोणतं खापर आधीचं, कोणतं नंतरचं, हे कुणालाच सांगता येत नाही. पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती, ट्रॉलीनं वाहून नेली जात असेल, तर ते आजच थांबवा. नाणी-दागिने सापडले आणि किंमत दहा रुपयांवर असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.