बिनव्याजी हप्त्यांवर दीड सेंटिमीटर मोठे बूट

एका वाचकाने विचारले आहे की स्कीचे बूट 12 बिनव्याजी हप्त्यांत घ्यावेत की बचत मोडून रोखीने. आकडे त्यांच्या पत्रातलेच आहेत, फक्त हिशेबाच्या सोयीसाठी मी ते बुटांच्या एका दिवसाच्या भाड्याच्या पटीत मांडतो. बुटांची किंमत 18 दिवसांच्या भाड्याइतकी आहे, रोख दिल्यास त्यात 10 टक्के सूट मिळते आणि 5 वर्षांच्या ‘संरक्षण योजने’साठी आणखी 2 दिवसांचे भाडे मोजावे लागते. तेवढीच रक्कम आगाऊ देऊन त्यांनी बूट राखून ठेवले आहेत. ही रक्कम परत मिळणार नाही, मात्र त्याच दुकानातल्या दुसऱ्या जोडीसाठी वळती करता येईल.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. रोखीने 16.2 दिवसांच्या भाड्यात मिळणारी वस्तू तुम्ही हप्त्यांनी 18 ला घेता, आणि कर्जाची शिल्लक दर महिन्याला घटत असल्यामुळे हा फरक वार्षिक सुमारे 20 टक्के व्याजाचा होतो. याला बिनव्याजी म्हणणाऱ्या विक्रेत्याचे कौतुकच करायला हवे. संरक्षण योजनेच्या अटी तुम्ही पत्रासोबत जोडल्या आहेत. त्यांत अस्तराची झीज आणि मापाची तक्रार, म्हणजे स्कीच्या बुटांबाबत सर्वांत संभवनीय अशा दोन्ही गोष्टी, वगळलेल्या आहेत. ती घेऊ नका.

माझी खरी काळजी मात्र पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. ‘पाय 26 सेंटिमीटरचा आहे, पण 26.5 मध्ये बोटे पुढे टेकत होती, म्हणून ऐसपैस 27.5 घेतले, विक्रेता म्हणाला की बकल घट्ट करा, मग झाले,’ असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. स्कीच्या बुटांचे माप मोंडोपॉइंट पद्धतीने, म्हणजे पायाच्या लांबीच्या सेंटिमीटरमध्ये असते. चालायच्या बुटांसारखी मोकळीक त्यात वेगळी धरायची नसते. सरळ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढे हलकेच टेकणे हे माप बरोबर असल्याचे लक्षण आहे, कारण गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की टाच मागे जाऊन बसते आणि बोटे सुटी होतात. तुम्ही गुडघे वाकवून पाहिलेच नाहीत, आणि समोरच्यानेही ते सुचवले नाही. ज्याच्याकडे 27.5 ची जोडी पडून असते, त्याला 26.5 ची आठवण कशाला होईल?

एक आर्थिक सल्लागार पायाची मापे का काढतो, असे वाटेल. पण चुकीच्या मापाचा बूट रोखीने घेतला काय आणि हप्त्याने घेतला काय, पैसे सारखेच बुडतात. आतले अस्तर काही दिवसांच्या वापरानंतर दबते, त्यामुळे आज सैल असलेला बूट पुढे अधिकच सैल होतो. मग टाच उचलली जाते, पाय पुढे घसरून नखे काळी पडतात, आणि ते थांबवण्यासाठी बकल आवळले की रक्तप्रवाह अडून पाय बधिर होतो. बुटाचे बाहेरचे टणक कवच मोठे असेल, तर त्याला आतून लहान करता येत नाही. उलट रुंदीला थोडे कमी पडणारे कवच गरम करून ठरावीक जागी फुगवता येते आणि अस्तरही उष्णतेने पायाला बसवून घेता येते. म्हणून चूक करायचीच असेल तर ती लहान बाजूला करावी.

दुकानात परत जा, शक्यतो दुपारनंतर, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. 26.5 च्या बुटाचे अस्तर बाहेर काढा, नुसत्या कवचात पाय घालून बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागची फट पाहा. ती 1 ते 2 सेंटिमीटर असेल तर लांबी ठीक आहे. बहुतेक कंपन्यांत 26 आणि 26.5 चे कवच एकच असते, म्हणून त्या दोघांत घोळत बसू नका. नंतर रुंदी पाहा: पंज्याशी 98 मिलिमीटरचा बूट अरुंद, 100 चा मध्यम आणि 102 च्या पुढचा रुंद समजला जातो. मग एकच पातळ मोजा घालून, बकल लावून, किमान 15 मिनिटे बूट पायात ठेवा. राखून ठेवलेल्या जोडीवरचा 130 हा कडकपणाचा आकडाही सोडून द्या. तो आकडा सर्व कंपन्यांत एकाच मोजणीने काढलेला नसतो, आणि नवशिक्याच्या नडगीला वाकवता येणार नाही इतका कडक बूट त्याच्या काही उपयोगाचा नाही.

राहिले तुमचे ‘पुढे वर्षाला नक्की 15 दिवस’. गेल्या तीन हिवाळ्यांत तुम्ही एकूण 9 दिवस स्की केले आहे, म्हणजे वर्षाला 3. त्या गतीने रोखीच्या किमतीइतके भाडे वाचायला साडेपाच वर्षे जातील, आणि पंधरा दिवसांच्या आशेवर एका मोसमाहून थोडा अधिक काळ. मी जुन्या नोंदींवर हिशेब करतो. तरीही बरोबर बसणारी जोडी मिळाली, तर ती रोखीने घेण्याला माझा विरोध नाही, कारण भाड्याच्या ढिगात आपल्या पायाला जुळणारा बूट दर वेळी सापडतोच असे नाही. आगाऊ दिलेली रक्कम 26.5 च्या कमी कडक जोडीकडे वळती करून घ्या. दुकानात तशी जोडीच नसेल, तर ती रक्कम गेली असे समजा आणि 27.5 तिथेच ठेवून या.