रुबेन्सची मारी द मेदिची मालिका: सुरुवात कुठून कराल?

फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने फ्रान्सची राणी मारी द मेदिची हिच्यासाठी केलेल्या या मालिकेतली सगळी २४ चित्रं एका बैठकीत बघू नका. दहाव्यापर्यंत डोळे थकतात आणि पुढे नुसते ढग नि गुलाबी अंगं दिसतात. आधी दोनच घ्या: मार्सेय बंदरात राणी उतरते ते, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, फ्रान्सच्या राजाला, चौथ्या हेन्रीला तिची तसबीर दाखवतात ते.

मार्सेयचं चित्र जवळपास चार मीटर उंच आहे, म्हणून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आधी लांब उभं राहा. राणीसमोर निळ्या झग्यावर सोनेरी लिली असलेली, शिरस्त्राण घातलेली बाई म्हणजे फ्रान्स देशाचं प्रतीक. वर दोन तुताऱ्या घेतलेली कीर्ती. मग जवळ जाऊन खालच्या जलकन्यांच्या अंगावरचे पाण्याचे थेंब बघा. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार देलाक्र्वा याने या थेंबांचाच अभ्यास केला होता. बहुतेक जण नेमका हाच खालचा भाग सोडून देतात!

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- चित्राला इतिहास समजणं. १६१७ मध्ये मुलानेच, तेराव्या लुईने, मारीला दरबारातून हद्दपार करून ब्ल्वा या गावी धाडलं होतं. १६२२ च्या कराराने तिने रुबेन्सकडून आपली बाजू रंगवून घेतली. त्यामुळे जिथे प्रसंग अडचणीचा, तिथे देव हजर!
- सगळ्या रोमन देवदेवतांची नावं पाठ करणं. मोर दिसला की जुनो, गरुड दिसला की ज्युपिटर, एवढं सध्या पुरे.

कुठला हात रुबेन्सचा आणि कुठला त्याच्या कार्यशाळेतल्या मदतनिसांचा, हा वाद तूर्त बाजूला ठेवा.