आधी दत्तजयंती कधी आहे ते बघा!

डिसेंबर उजाडला की १३-१४ तारखेच्या रात्रीच्या मिथुन उल्कावर्षावाबद्दल विचारणा सुरू होते. त्यातले चार प्रश्न.

दादरला आमच्या गच्चीवरून दिसतील का?

दिसली तर एखाददुसरी, तीही चांगली ठळक असली तर. मुंबईतली आकाशवेडी मंडळी वर्षानुवर्षं कर्जत लोकलने वांगणीला जात आली आहेत, तुम्हीही जा. बदलापूरचा उजेड आता तिकडेही पोचलाय, पण दादरपेक्षा बरंच. गाडी असेल तर मुरबाड ओलांडून माळशेजच्या बाजूला जा. शेतात बसणार असाल तर मालकाला आधी विचारा.

निघण्यापूर्वी तिथी बघा. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. २०२४ साली ती नेमकी १४ डिसेंबरला आली आणि रात्रभर चंद्रच बघत बसावं लागलं.

ताशी १२० उल्का म्हणतात, आम्हाला नऊ ते अकरा या वेळात सातच दिसल्या. कुठे चुकलं?

वेळ चुकली. तो आकडा आदर्श स्थितीतला: आकाश निखळ काळं आणि उल्का जिथून आल्यासारख्या वाटतात तो बिंदू ऐन डोक्यावर. हा बिंदू पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. मुंबईत तो आठच्या सुमारास उगवतो, माथ्याजवळ येतो रात्री अडीचला. तुम्ही उठलात आणि खेळ रंगला! शिवाय डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, मोबाइल एकदा पाहिला की पुन्हा पहिल्यापासून. दुर्बीण नको, सतरंजीवर आडवं व्हा.

कॅमेरा आणि १८-५५ची लेन्स आहे. फोटो मिळेल?

मिळेल, पण नशीब लागतं. लेन्स १८वर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ३२००, एक्स्पोजर १५ ते २० सेकंद आणि फोटो एकामागून एक चालूच. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा. नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ डोळे मिटून बसतो आणि चांगली उल्का हमखास तेव्हाच पडते. फोकस व्याध ताऱ्यावर, स्क्रीनवर मोठा करून हाताने जुळवा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. रोख कॅस्टरवर ठेवू नका, तिथे रेघा आखूड पडतात. थोडं बाजूला वळवा.

आणि दव! एका वर्षी पहाटे चारला मी लेन्सला हात लावला तर ती चिंब. दोन तासांचे फोटो धुरकट. तेव्हापासून दर अर्ध्या तासाने लेन्स तपासतो. मिथुनेच्या उल्का सेकंदाला साधारण ३५ किलोमीटर वेगाने येतात, ऑगस्टमधल्या ययाती तारकासमूहाच्या ५९ने. म्हणून या जरा निवांत वाटतात. शिवाय यांचा उगम धूमकेतूत नाही, १९८३ साली सापडलेल्या फेथन नावाच्या लघुग्रहात मानतात.

मग ययातीच्या उल्का बघायला ऑगस्टमध्ये माळशेजला जावं का?

जा की. छत्री न्या.