सुपरमॅनला सुट्टी दे

प्रिय भाचेबुवा,

‘सिटी ऑफ हीरोज’ या ऑनलाइन सुपरहीरो-खेळात तू लिहिलेला आर्क, म्हणजे एका कथेत ओवलेली मिशन्स, खेळलो. पाचही मिशन्स, एका बैठकीत, एकट्यानं. आधी चांगलं सांगतो, म्हणजे पुढचं वाचशील. खेळातल्या इंडिपेन्डन्स पोर्ट या बंदराच्या गोदामातली ती कारकून बाई झकास उतरली आहे. कंटेनरची नोंदवही छातीशी धरून बसलेली, चहूबाजूंनी बंदूकवाले, आणि सोडवायला आलेल्या हीरोला ती आधी विचारते, ‘सही कुठे करणार?’ मी खेळ थांबवून हसलो. ही ओळ तुझी आहे, दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

आणि मग तिसऱ्या मिशनचं दार उघडतं. समोर निळा पोशाख, लाल केप, कपाळावर कुरळी बट. नावातलं एक अक्षर तू फिरवलंयस, तेवढ्यावर भागेल असं तुला वाटलेलं दिसतं. चौथ्यात पिवळ्या कपड्यातला नख्यावाला, म्हणजे वुल्व्हरिन, पाचव्यात वटवाघूळसाहेब. आणि मला मेसेज काय, तर ‘मामा, चालेल ना?’

नाही चालणार. होमकमिंगच्या, म्हणजे चाहते हा खेळ चालवतात त्या, सर्व्हरवर दुसऱ्याच्या मालकीची पात्रं उचलायला मनाई आहे. कुणी तक्रार केली की आर्क उतरवतील, आणि अक्षर फिरवल्यानं ते पकडायला सोपंच जातं, कारण तुला ठाऊक होतं हे त्यातूनच सिद्ध होतं. जुन्या काळी एनसीसॉफ्ट या प्रकाशक कंपनीचे लोक अशा कॅरॅक्टरचं नाव आणि पोशाख दोन्ही काढून घ्यायचे. लॉगिन केलं की अंगावर साधे कपडे आणि नावाच्या जागी ‘जेनेरिक’ नि पुढे आकडे. खेळणाऱ्यांत त्याचं क्रियापदच झालं होतं: अमक्याला जेनेरिक केला.

हा नियम कुणा मॉडरेटरच्या डोक्यातून आलेला नाही, त्यामागे मोठं रामायण आहे. तू तेव्हा जन्मला नव्हतास म्हणून सांगतो. सिटी ऑफ हीरोज 28 एप्रिल 2004 ला सुरू झाला. बनवणारे क्रिप्टिक स्टुडिओज, प्रकाशक एनसीसॉफ्ट. त्याची खरी शान होती कॅरॅक्टर घडवायचा पडदा. खांद्याची रुंदी, बुटांचा प्रकार, छातीवरचं चिन्ह, सगळं तुझ्या हातात. साहजिकच पहिल्या दिवसापासून खेळातल्या पॅरागॉन सिटीच्या रस्त्यांवर हल्कसारख्या हिरव्या राक्षसांची आणि नख्यावाल्यांची जत्रा भरली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये या पात्रांची मालक, मार्व्हल ही कॉमिक्स कंपनी, कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात गेली. म्हणणं असं की, तुमचा खेळ लोकांना आमच्या पात्रांच्या नकला करायला हत्यार पुरवतो.

मार्च 2005 मध्ये न्यायाधीशांनी काही दावे काढून टाकले. आणि पुराव्यादाखल जोडलेली काही चित्रंही बाद केली, कारण त्यातली पात्रं कुणा खेळाडूनं नव्हे, तर मार्व्हलच्याच माणसांनी खेळात शिरून बनवलेली निघाली. डिसेंबर 2005 मध्ये तडजोड झाली. अटी बाहेर आल्या नाहीत, पण कॅरॅक्टर घडवायचा पडदा होता तसाच राहिला. पुढे त्याच क्रिप्टिकनं मार्व्हलच्याच पात्रांवर एक ऑनलाइन गेम करायला घेतला. मायक्रोसॉफ्ट तो काढणार होतं, 2008 च्या सुरुवातीला तो रद्द झाला. धंद्यात कालचे वादी-प्रतिवादी आज एका ताटात जेवतात. आपण मात्र त्या ताटात नाही, हे लक्षात ठेव.

मिशन आर्किटेक्ट, म्हणजे तू ज्यात लिहितोयस ते, एप्रिल 2009 मध्ये आलं. खटला तोवर जुना झाला होता, धाक नव्हता झाला. 30 नोव्हेंबर 2012 ला खेळच बंद पडला, 2019 मध्ये चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि जानेवारी 2024 मध्ये होमकमिंगला एनसीसॉफ्टकडून रीतसर परवाना मिळाला. इतकी वर्षं लपूनछपून चाललेली गोष्ट उजेडात आली आहे. तुझ्या हौसेखातर तिच्यावर कुणा वकिलाची नजर पडू नये, एवढं तरी आपण पाहायला हवं.

तुझा युक्तिवाद मला ठाऊक आहे. खेळाच्या कथेतच आर्किटेक्ट म्हणजे एक आभासी करमणूक आहे, हीरो तिथे बनावट दृश्यात शिरतो, मग बनावट दृश्यात बनावट सुपरमॅन का नको? पळवाट छान आहे. पण वाचणारा माणूस बनावट नाही. तू ‘प्रसिद्ध करा’चं बटण दाबलंस की ते सर्व्हरवरच्या प्रत्येकासमोर येतं.

आता नियम बाजूला ठेव. समज, उद्या सगळ्या कंपन्यांनी सांगितलं, वापरा बिनधास्त. तरी मी तुला तिसरं मिशन खोडायलाच सांगेन.

आर्किटेक्टमध्ये सुपरमॅन ठेवायचा तर दोनच जागा आहेत, सोबती किंवा शत्रू. तू आधी सोबती केलास. काय झालं बघ. मी माझा लेव्हल पंधराचा डिफेंडर, म्हणजे इतरांना साथ देणाऱ्या जातीचा हीरो, घेऊन आत गेलो, त्यानं सगळे गुंड एकट्यानं आडवे केले, आणि मी मागून जिने चढत राहिलो. लग्नात सिनेमाचा हीरो पाहुणा म्हणून आला की नवरा-नवरीकडे कुणी बघत नाही, तशी माझी गत. लेखकानं खेळाडूला घरी बोलावून सोफ्यावर बसवलं आणि पाहुण्याशी गप्पा मारल्या. तुझ्या आर्कमध्ये हीरो कोण आहे? जो खेळतोय तो. दुसरं उत्तर नाही.

मग शेवटी तू त्याला भारून शत्रू केलंस. आर्चव्हिलनचा, म्हणजे सगळ्यात तगड्या शत्रूचा, दर्जा दिलास, पण मी एकटा असल्यामुळे खेळानं त्याला एक पायरी उतरवून एलिट बॉस केला, आणि माझ्या पंधराच्या पोरानं त्याला लोळवलं. पृथ्वी उलटी फिरवणारा माणूस, गोदामातल्या खोक्यांमध्ये. तुला भव्य वाटलं असेल, मला त्याची दया आली. प्रसिद्ध पात्र स्वतःचं वजन घेऊन येतं आणि ते वजन तोलायला तुझ्याकडे ना नकाशा आहे ना आकडे.

संवादांचंही तेच. तुझा बॅटमॅन जे बोलतो ते आपण दोघांनी थिएटरात ऐकलंय. कारकून बाई जे बोलते ते मी कुठेच ऐकलेलं नाही.

मग काय करायचं? जे आवडलं ते घे, ज्याच्या अंगावर दिसलं त्याला सोड. नख्या कुणाच्या मालकीच्या नाहीत, आपोआप भरून येणारी जखमही नाही. खेळातच क्लॉज आणि रीजनरेशन हे दोन्ही पॉवरसेट, म्हणजे शक्तींचे तयार संच, आहेत आणि ही जोडी घेऊन हजारो स्क्रॅपर, म्हणजे हातघाईचे लढवय्ये, हिंडतात. त्यावर पिवळा पोशाख, कानांपुढे झुपके आणि पंखासारखा मुखवटा चढवलास की मात्र तो कुणाचा तरी झाला. ज्या माणसाच्या जखमा राहतच नाहीत त्याच्याकडे मार खाल्ल्याचा पुरावाही राहत नाही. पोलीस त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार? कोर्टात तो काय दाखवणार? बघ, पिवळा रंग न लावता एक गोष्ट सुरू झाली.

खेळाचा स्वतःचा मुख्य हीरो, स्टेट्समन, बघ. छातीवर तारा, अचाट ताकद, उडतो. दुरून पाहिलं तर ओळखीचा साचा वाटतो. पण तो मार्कस कोल आहे, पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं पोखरलेला सैनिक. मरणाच्या दारात असताना मित्राबरोबर शक्तीचा स्रोत शोधायला निघतो. दोघांनाही तो सापडतो, आणि तो मित्र, स्टीफन रिक्टर, लॉर्ड रिक्लूज हा खलनायक होतो. साचा उसना, मूळ स्वतःचं. पोशाखाचं कुणी विचारत नाही, कारण आपण त्या मैत्रीत अडकलेलो असतो.

नावांच्या बाबतीत एक गंमत सांगतो, कारण तू नावावर फार विसंबतोस. अमेरिकेत 1940 च्या आसपास फॉसेट कंपनीचा कॅप्टन मार्व्हल आला. बिली बॅट्सन नावाचा पोरगा ‘शझाम’ म्हणतो आणि महाबली होतो. तो तुफान चालला. सुपरमॅनवाल्यांनी 1941 मध्ये नकलेचा दावा लावला, वर्षानुवर्षं खटला चालला, आणि 1953 मध्ये फॉसेटनं हात टेकले. कॅप्टन मार्व्हल बंद. मधल्या काळात, 1967 मध्ये, मार्व्हलनं त्या नावाचा आपला वेगळाच हीरो काढला. मग 1972 मध्ये डीसीनं, म्हणजे ज्यांनी त्याला बंद पाडलं त्यांनीच, फॉसेटकडून तो जुना हीरो परवान्यावर घेतला. पण मासिकाला त्याचं नाव देता येईना. अंक निघाला तो ‘शझाम’ नावानं. पात्र एकाचं, नाव दुसऱ्याचं.

आपल्याकडेही हे झालंय. तुझी आई आणि मी रेल्वे स्टॉलवरून नागराजची कॉमिक्स घ्यायचो, राजा पॉकेट बुक्सची. राधा पॉकेट बुक्सनं नागेश काढला, तसाच हिरवा, तसाच सापांचा. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि नागेशला मनाई झाली. नाव वेगळं होतं, तरी.

ज्यांचा मालक कुणी नाही अशीही मंडळी आहेत. थॉर घे. नॉर्स लोकांचा देव आहे, हवा तसा लिही. पण त्यांच्या कथांमधला थॉर लाल दाढीचा, बोकडांच्या रथात बसणारा, रात्री तेच बोकड खाऊन सकाळी हातोड्यानं पुन्हा जिवंत करणारा आहे. सोनेरी केस, पंखांचं शिरस्त्राण आणि लाल केप हे मार्व्हलनं 1962 मध्ये केलेलं. मला विचारशील तर बोकडवाला जास्त मजेशीर आहे, एक बोकड लंगडा निघाला तर चौकशी कुणाकडे करायची? मारुतीवरही कुणाचा कॉपीराइट नाही. पण त्याला बॉस करून मार खायला उभा केलास तर कंपनीची नोटीस येणार नाही, आजीचा फोन येईल. तिथं वेगळी अक्कल लागते.

सुपरमॅनचीही 1938 ची मूळ आवृत्ती अमेरिकेत 1 जानेवारी 2034 ला खुली होणार आहे, बॅटमॅनची त्यानंतर वर्षानं. तेव्हाचा सुपरमॅन उडत नसे, लांब उड्या मारायचा. तोवर थांबायचं असेल तर थांब, पण तेव्हाही मी त्याला गोदामात बघायला येणार नाही.

आता कामाचं. आधी सध्याच्या आर्कची फाइल कॉम्प्युटरवर वेगळ्या नावानं ठेव, .स्टोरीआर्क असतं तिचं शेपूट, मगच सर्व्हरवरून आर्क खाली घे. कारकून बाईला पहिल्या मिशनपासून कॉन्टॅक्ट, म्हणजे खेळाडूला कामगिरी देणारं पात्र, कर. नोंदवहीत तीन कंटेनर जास्त आहेत हे फक्त तिला कळलंय, आणि तिचा साहेब म्हणतो की चूक तिचीच. तिसऱ्या मिशनमध्ये केपवाल्याच्या जागी तो साहेब ठेव. शक्ती काही नको, त्याच्याकडे शिक्का आहे तेवढं पुरे, गुंड सगळे त्या शिक्क्यावर चालतात. चौथं मिशन सरळ काढ, आर्क पाचचाच हवा असं कुणी सांगितलेलं नाही. शेवटच्या मिशनमध्ये लागोपाठ तीन अँबुश, म्हणजे दबा धरून होणारे हल्ले, आहेत, त्यातले दोन कमी कर, माझा डिफेंडर दारातच झोपला. आणि ‘सही कुठे करणार?’ ही ओळ अजून एकदा कुठे तरी येऊ दे. पहिल्यांदा ती विचारते, दुसऱ्यांदा तिला कुणी विचारावं ते तू ठरव.

शनिवारपर्यंत पाठवलंस तर रविवारी खेळून कळवतो.

तुझा
मामा