ड्रुपल धरलंस, आता नीट सांभाळ

जळगावात टीम उभी करून वेबसाइटची सगळी कामं ड्रुपलवरच (वेबसाइट बनवायच्या मुक्त सॉफ्टवेअरवरच) करायची ठरवलीस, फार चांगलं केलंस. एक पथ्य मात्र पाळ: कोअरच्या, म्हणजे ड्रुपलच्या मूळ गाभ्याच्या, फायलींना हात लावायचा नाही. रावेरच्या केळी व्यापाऱ्याला भावाचं पान उद्याच हवं असलं तरी नाही! बदल स्वतःच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे वेगळ्या जोडभागात, कर. कोअरमधला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो, मग पोरं अपडेटच टाळायला लागतात. सुरक्षेचे अपडेट बुधवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणून गुरुवारी सकाळी पहिलं काम तेच. ड्रुपल ७ या जुन्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ लाच संपलाय, तशा साइट आधी नव्या आवृत्तीवर हलव.

आणि सापडलेली दुरुस्ती स्वतःजवळ ठेवू नकोस, ड्रुपलच्या मूळ प्रकल्पाला पाठव. तिथले लोक चुका काढतील, काढू देत. पोरं तिथेच तयार होतात. सुरुवात ड्रुपलच्या मराठी भाषांतरापासून केली तरी चालेल.