चाळीस थेंब कशाला घातलेस गं?

प्रश्न : ताई, माझं नाशिक-मुंबई येणंजाणं असतं, कसारा घाटात बस वळायला लागली की पोटात ढवळतं, म्हणून घरीच रोल-ऑन बनवला. 10 मिलीच्या बाटलीत खोबरेल आणि पेपरमिंट ऑइलचे चांगले चाळीस थेंब. मनगटाला लावला तर लालेलाल, नुसती आग आग, पाण्याने धुतलं तरी थांबेना. आणि थंडीत तर त्याचा बॉलच फिरत नाही. काय चुकलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चाळीस? अगं बाई! साधारण 20 थेंबांचा 1 मिली होतो, ड्रॉपरप्रमाणे थोडं इकडेतिकडे, म्हणजे तुझ्या बाटलीत पाचवा हिस्सा नुसता अर्कच आहे. अंगाला लावायचं असेल तर दोन टक्के खूप झालं, 10 मिलीला चार थेंब. वास कमी वाटतो म्हणून आपण टाकत सुटतो ना, पण बाटली उघडीच ठेवून दहा मिनिटं काम केलं की नाकाला काही कळेनासंच होतं, तेव्हा थेंब मोजूनच टाकायचे, वासावर जायचं नाही.

बाटली फेकू मात्र नकोस. ते सगळं एका मोठ्या काचेच्या बाटलीत ओत आणि वर तेल घालून एकूण 100 मिली कर, झालं दोन टक्के! दहा रोल-ऑन होतील, सोसायटीत वाट. आणि असं परत कधी झोंबलं तर आधी साधं खाण्याचं तेल लावून पुसून घ्यायचं, मग साबण. नुसत्या पाण्याने तेल निघतं का कधी?

खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, नाशिकच्या थंडीत बॉल अडकणारच. बदाम तेल घे. तिळाचंही चालतं, पण त्याचा स्वतःचा वास मध्ये येतो, मला तरी नाही आवडत. बाटली काचेची आणि गडद रंगाची हवी, साध्या प्लास्टिकला हे अर्क मऊ करतात. लिंबाचं तेल घालायचा विचार असेल तर राहू दे, ते लावून उन्हात गेलं की कातडीवर डाग पडू शकतात.

आता घाटाचं. पुदिना किंवा आल्याच्या वासाने काहींना बरं वाटतं, सगळ्यांनाच वाटेल असं नाही. पुढची सीट धर आणि मोबाइल पर्समध्ये टाक, त्याने जास्त फरक पडेल.

प्रश्न : दुकानात 10 मिली चंदन तेल 120 रुपयांना मिळालं, परफ्यूम बाम करायला घेऊ का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : त्या भावात खरं चंदन कोण देणार हो? तो अगरबत्तीवाला सेंट असणार, कपाटात ठेवा. बाम हवाच असेल तर एक भाग मधमाशीचं मेण, चार भाग तेल, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवा, आणि अर्क गॅसवरून उतरवल्यावरच घाला, नाहीतर स्वयंपाकघर घमघमेल आणि डबी कोरडीच राहील.

प्रश्न : आजी भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल (थायमॉलचे खडे) आणि पुदिन्याचं फूल (मेंथॉलचे खडे) बाटलीत घालून अमृतधारा करायची. ती इन्हेलर स्टिकमध्ये घालून दीड वर्षाच्या मुलीला सर्दीत देऊ का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मुलीला नको, अजिबात नको. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि पुदिन्याच्या अर्काचा उग्र वास नाकाशी गेला तर श्वास अडकू शकतो. तिच्यासाठी डॉक्टरांनाच विचारा.

तुमच्यासाठी जरूर करा. तिन्ही सारख्या वजनाने घ्या, पाण्याचा टिपूसही नको. बाटली जरा हलवत राहिलं की खडे कडेने ओलसर होतात, एकमेकांना चिकटतात आणि बघता बघता सगळ्याचं पाणी होतं, मला अजूनही ते बघायला मजा येते. आरतीच्या कापराच्या वड्या मात्र यात नकोत. मिळते ती रिकामी स्टिक आणायची, आतल्या कापसाच्या वातीवर आठ-दहा थेंब, बूच घट्ट. नुसतं हुंगायचं, नाकात आत घालायचं नाही, ओव्याचं फूल सणसणीत झोंबतं. आणि फिट्स येत असतील तर मोठ्यांनीही या वाटेला जाऊ नका. बाटली फ्रीजवर नको, वरच्या कपाटात कुलपात ठेवा, दीड वर्षाचं पोर खुर्ची ओढायला शिकलेलंच असतं.